कोठीमागचं वायफाय

आमच्या घराच्या भिंतींना परवापरवापर्यंत एकही खिळा नव्हता. खोटं वाटत असेल तर किल्लारीत कुणालाही विचारा. गुणाबाईचं घर म्हटलं की लोक "बिनखिळ्याचं का?" असं उलट विचारतात. कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवलेलं. सासऱ्यांचा फोटो पाटावर, भिंतीला टेकवून ठेवलेला, म्हणजे नमस्कार करायचा तर खाली बसायचं. टीव्ही ठेंगण्या टेबलावर, पंखा उभ्या दांड्याचा, फ्रिज बुटका. स्वयंपाकघरात फळी नाही, मांडणी नाही, डबे सगळे भुईवर ओळीनं. मी अहमदपूरची, बीएस्सी झालेली आणि तोंडानं फटकळ. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात म्हटलं, "आत्या, एक फळी मारून घेऊ की. वाकून वाकून कंबर जाऊन राहिली माझी." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गुणाबाई. त्यांनी माझ्याकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. "बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर आपल्या घरात काही न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

आता किल्लारी म्हटलं की भूकंप हे काही मी सांगायला नको. त्र्याण्णव साली गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती आणि पहाटे सगळं भुईसपाट झालं. आमचे मालक, वैजनाथ, तेव्हा तीन महिन्यांचे होते. त्यांच्या पाठची नाही, त्यांच्या आधीची बहीण रूपाली, सहा वर्षांची, ती त्या पहाटे गेली. एवढं मला लग्नाआधीच सांगितलेलं होतं. पण भूकंप काय एकट्या आत्यांनी बघितला होता का? शेजारच्या शरणम्मांच्या घरातली तिघं गेली, तरी नव्या गावातल्या घरात त्यांनी फळ्या मारल्या, देवांचे फोटो टांगले, पंखा लावला. आमच्याकडंच तेवढी ही खोड. मी मनातल्या मनात तिला खोडच म्हणत होते, खोटं कशाला बोलू.

गेल्या श्रावणात मला काम मिळालं. लातूरच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीची पोरं सकाळभर शिकतात, आणि दुपारी त्यांना अडलेलं समजावून सांगायला कुणीतरी मोबाईलसमोर बसायचं, वही दाखवायची, चित्र काढून दाखवायचं. विषय जीवशास्त्र, म्हणजे माझ्या हातचा मळ. तेही घरबसल्या. सहा वर्षं भाकऱ्या करून माझं बीएस्सी गंजून गेलं होतं, मला वाटलं देव पावला. अट एकच. पंधरा दिवस बघणार, पोरांची तक्रार आली नाही तर कायम.

त्यासाठी वायफाय घेतलं. ज्या दिवशी ते बसवायला माणूस आला त्या दिवशी मी पुनमला बालवाडीत सोडायला गेले होते. पुनम आमची लेक, चार वर्षांची. त्या माणसानं आत्यांना विचारलं, "आजी, डबा कुठल्या भिंतीला लावू?" भिंत हा शब्द ऐकल्याबरोबर आत्यांनी त्याला मागच्या धान्याच्या खोलीत नेलं. तिथं हरभऱ्याची पत्र्याची कोठी आहे, माणूसभर उंच. त्या खोलीत कुणी झोपत नाही, बसत नाही, म्हणून कोठी चालते. आत्यांनी कोठीच्या मागं भुईवर जागा दाखवली. "इथं ठेव. इथून पडायचं न्हाई." त्यालाही जायची घाई असेल, ठेवला आणि गेला. वर धूळ बसू नये म्हणून आत्यांनी त्या डब्यावर आपलं जुनं लुगडं चौघडी करून पांघरलं. मी आले तर लुगड्याखालून हिरवे दिवे लुकलुकत होते. मीही म्हटलं, छान झालं. मला तरी त्यातलं काय कळत होतं?

पहिल्या दिवशी पानातली अन्न तयार व्हायची क्रिया समजावत होते, मधेच समोरची पोरगी तोंड उघडं ठेवून थिजली. मला वाटलं तिला काही होऊन राहिलं की काय. मग कळलं, थिजले होते ती मी. दुसऱ्या दिवशी तीनदा तुटलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या खोलीतून उठून कोठीच्या खोलीत जाऊन बसले, तर हरभऱ्यात किड्याच्या गोळ्या टाकलेल्या, अर्ध्या तासात डोकं असं धरलं की ओकारी काढत बाहेर पळाले. मालकांनी रागानं विचारलं, "मरायचंय का तुला?" मोबाईलचं नेट वापरून बघितलं, तर दुपारच्या वेळी ते आमच्या भागात नावालाच असतं. चौथ्या दिवशी क्लासच्या मॅडमचा फोन आला. बाई गोड बोलणाऱ्या, पण बोलल्या ते सरळ. "उज्वला, तुम्ही शिकवता छान. पण पोरांचा वेळ जातो. पुढच्या शनिवारपर्यंत नीट करा, नाहीतर लातूरला येऊन इथं बसून शिकवा. तेही जमत नसेल तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

त्या रात्री जेवताना मालक म्हणाले, "मग जाऊ की लातूरला. मी तसाही रोज दाळ मिलला एसटीनं हेलपाटे घालतोच. खोली बघू, पुनमची शाळा पण होईल." म्हणायला ते मला म्हणाले, पण डोळे आत्यांच्या ताटाकडं. आत्या किल्लारी सोडून कुठं जायच्या नाहीत, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. लेकीला इथंच ठेवलं, नवऱ्याला इथंच ठेवलं, आता मी कुठं जाऊ, असं त्या नेहमी म्हणतात. म्हणजे लातूर म्हणजे आम्ही तिघं तिकडं आणि आत्या एकट्या इकडं. हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

"जावा की," आत्या म्हणाल्या. "मला काय धाड भरली? मी हाय खमकी." आणि पुनमला वरणभात कालवून द्यायला लागल्या. हात मात्र कालवतच राहिला. भाताचा पार लगदा झाला, पुनम खाईना.

मला त्यांचा राग आला. माणसानं जरा तरी म्हणावं, नका जाऊ म्हणून. मी अशी फटकळ, मला ही गप्प राहणारी माणसं बेजार करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते, तर आत्या मागं येऊन उभ्या. "ते नेट येतं कुठून गं?"

मी फुगलेल्या तोंडानं म्हटलं, "आभाळातून."

"नीट सांग. मी अडाणी हाय, येडी न्हाई."

मला लाज वाटली. हात धुतले आणि त्यांना खांबापासून घरापर्यंत आलेली काळी वायर दाखवली. म्हटलं, "आत्या, ही समजा नळाची पाईपलाईन. गावाच्या टाकीतून घरापर्यंत पाणी आणते. हे नेट. आणि तो डबा म्हणजे नळ. त्याच्यातून पुढं घरभर जे पसरतं, वायरीशिवाय, हवेतून, ते वायफाय. लोक दोन्हीला एकच म्हणतात, पण दोन्ही वेगळं."

"मग आपला दोष पाईपात हाय का नळापुढं?"

मी चाट पडले. हा प्रश्न मला चार दिवसांत सुचला नव्हता. मी नुसती मोबाईलवर चिडत होते. शरणम्मांच्या पोराचा लॅपटॉप मागून आणला, नाक दाबून कोठीमागं गेले, डब्याची वायर थेट त्याला लावली. काय पळायला लागलं. सिनेमा लावला तरी अडेना. वायर काढून समोरच्या खोलीत आणला, की गोल गोल फिरत बसलं.

"म्हणजे रस्ता चांगला हाय," आत्या म्हणाल्या, "घरात येऊन घोडं अडून राहिलंय." मग त्यांनी माझा मोबाईल मागितला. "त्याच्यात वायफाय किती आलं ते कुठं दिसतं?"

मी त्यांना वरच्या कोपऱ्यातलं चित्र दाखवलं, पसरलेल्या पंख्यासारखं, तीन रेघांचं. तिन्ही भरलेल्या असल्या तर चांगलं, एक असली तर तुटणार. आत्यांना अक्षर येत नाही, पण तीनपर्यंत मोजायला अक्षर कशाला लागतं? मोबाईल त्यांच्या हातातच ठेवून मी पुनमला आणायला गेले.

परत आले तर घरभर हरभरे सांडलेले. उंबऱ्यात, कॉटखाली, चुलीपाशी, समोरच्या खोलीत. माझं डोकंच फिरलं. पुनमच्या पाठीत धपाटा घालणार होते, पण ती बिचारी तर माझ्याबरोबरच आलेली. मी केरसुणी उचलली, दोन हात मारलेसुद्धा, तेवढ्यात आत्या आतून धावत आल्या. "ठेव ती केरसुणी. एक तास गेला माझा त्याच्यात."

मग सांगितलं. मोबाईल हळदीकुंकवाच्या ताटासारखा दोन्ही हातांनी धरून त्या घरभर हिंडल्या होत्या. जिथं तीन रेघा, तिथं तीन हरभरे ठेवले. जिथं दोन तिथं दोन, जिथं एक तिथं एक, जिथं काहीच नाही तिथं नुसतं बोटानं राखेचं टिंब. मी केरसुणी खाली ठेवली आणि बघत राहिले. सगळं घर समोर मांडलेलं होतं. कोठीच्या बाजूला तीन. कोठीच्या पुढं, जिथं पत्रा आडवा येतो, तिथं एक. मधल्या खोलीत दोन, पण आत्यांच्या लोखंडी ट्रंकेच्या मागं एक. पाण्याच्या रांजणांपलीकडं एक. समोरच्या खोलीत, मी जिथं बसून शिकवते, तिथं टिंब.

"कोठीनं गिळलं बघ," आत्या म्हणाल्या. "राहिलेलं माझ्या ट्रंकेनं. मीच ठेवायला लावलं तिथं. माझीच चूक हाय."

"तुमची कशाची चूक? मला कुठं कळत होतं?" मी म्हटलं. पण त्या खाली बसून एकेक हरभरा वेचायला लागल्या होत्या.

दुपारी संगप्पाला बोलावलं. संगप्पा निलंग्याकडचा, मराठीत कानडी कालवून बोलणारा, आमच्या भागातली वायफायची सगळी दुरुस्ती तोच बघतो. मोटारसायकलवर शिडी बांधून हिंडतो. कोठीमागं वाकून बघितलं आणि त्यानं लुगडं उचलून कपाळाला हात लावला. "अय्यो, आजी, ह्याला थंडी वाजून राहिली का? गरम होऊन बसलाय की हा." मग मला म्हणाला, "ताई, पत्रा, पाणी, आरसा, हे तिन्ही ह्याचे दुश्मन. आणि भुईवर ठेवला की निम्मा जोर भुईतच जातो. ह्याला घराच्या मधोमध पाहिजे. आणि उंचावर, माणसाच्या डोक्याच्या वर."

मी आत्यांकडं बघितलं. आत्या लुगड्याची घडी घालत होत्या.

"उंचावर नको, संगप्पा," मीच म्हटलं. "मधल्या खोलीत स्टुलावर ठेव."

त्यानं तसं केलं. वायर वाढवून मधल्या खोलीत आणली. माझ्या मोबाईलमध्ये दोन नावं दिसायची, त्यातलं एक निवडून दिलं. म्हणाला, "एकाच डब्यातून दोन निघतात. एक जोरात पळतं, पण भिंत आली की दमतं. दुसरं जरा सावकाश, पण लांब जातं. तुम्ही जोरातलं धरून बसला होता. लांबचं धरा." घरातला टीव्हीही त्यावर चालतो, तर मी शिकवताना टीव्ही बंद ठेवायचा, तोही एक तोंड आहे खाणारं, असं बजावून गेला. ह्या सगळ्यानं फरक पडला, नाही म्हणत नाही. पण समोरच्या खोलीत रेघ एकच, कधी दोन. सोमवारी एकदा तुटलं. मंगळवारी दोनदा. बुधवारी पुनमनं स्टुलाला पाय मारला आणि डबा खाली. मॅडमनी नुसता एक ओळीचा मेसेज टाकला, "शनिवार लक्षात आहे ना?"

मालकांनी लातूरला खोलीसाठी फोन केला. ओट्यावर जाऊन केला, पण घर केवढं आमचं, सगळं ऐकू आलं. आत्या कॉटवर बसून पुनमच्या फ्रॉकला बटण लावत होत्या. बटण लावून झालं तरी दोरा ओवतच होत्या.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. राग होताच, तो बोलून टाकला. "आत्या, एवढा उलटसुलट विचार करून, घरभर हरभरे मांडून तुम्ही सगळं शोधून काढलं. आता फक्त एक खिळा. एका खिळ्यासाठी तुम्ही आम्हाला घालवून देताय, असं मला वाटतं. मी चुकत असेन तर सांगा."

मग बोलल्या, फ्रॉककडं बघत.

"जुन्या घरात मी फळी मारून घेतली होती. हट्टानं. माहेरून पितळेची भांडी आली होती सात, ती लोकांना दिसावीत म्हणून. सासरा न्हाई म्हणत होता, धोंड्याची भिंत, खिळा धरत न्हाई. मी रुसून बसले, दोन दिवस जेवले न्हाई. मग ह्यांनी मोठे लोखंडी खुंटे ठोकून मारून दिली. त्या फळीखाली रूपाली झोपायची." त्यांनी दोरा दातानं तोडला. "त्या पहाटे हा वैजू रडत होता म्हणून मी त्याला घेऊन ओट्यावर आले होते. मग सगळंच आलं खाली. लोक म्हणतात भिंत पडली, वरचं मातीचं माळवद पडलं, फळीचा काय दोष. सगळ्यांचंच पडलं, खरं हाय. पण उकरून काढलं तवा तिच्या अंगावर माझी घागर होती गं. पितळेची. मला ती घागरच दिसली."

सहा वर्षं मी ज्याला खोड म्हणत होते ते हे होतं. कंबर दुखते म्हणून मी केलेली सगळी कटकट आठवली आणि स्वतःची इतकी चीड आली की मी रडायला लागले. आत्या नाही रडल्या. उलट मलाच म्हणाल्या, "रडू नको, डोकं दुखंल. उद्या शिकवायचंय तुला."

मी डोळे पुसून म्हटलं, "आत्या, राहू द्या तो खिळा. मी मॅडमला नाही म्हणून सांगते. आपण कुठं जात नाही. काम काय, दुसरं मिळेल." आणि मी हे मनापासून म्हटलं. त्या क्षणी मला जीवशास्त्राचं काही वाटत नव्हतं.

त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

गुरुवारी सकाळी मी आंघोळ करून आले तर संगप्पा शिडी घेऊन मधल्या खोलीत उभा. आत्यांनी शरणम्मांच्या पोराकडून त्याला फोन लावून घेतला होता. मला न सांगता. "संगप्पा," त्या म्हणत होत्या, "आधी तो डबा माझ्या हातात दे."

त्यानं दिला. आत्यांनी तो तळहातावर घेतला, दोनदा वरखाली केला, बाजारात भाजीवालीच्या मापावर विश्वास नसला की आपण गड्डी हातात घेऊन बघतो तसा. दुसऱ्या हातात घेतला. परत पहिल्या.

"एवढंच वजन ह्याचं?"

"एवढंच आजी. आत सगळं पोकळ."

"आणि खिळा केवढा?"

संगप्पानं दोन बारीक स्क्रू तळहातावर दाखवले. एरवी तो एवढा बोलका, पण आता त्याला कुणीतरी सांगितलं असावं, नाहीतर आमच्या भागातला माणूस, आपोआप कळलं असावं. तो अगदी हळू बोलत होता. "भिंत सिमेंटची आहे आजी. धरंल. मी हात धरून लोंबकळून दाखवतो, पाहिजे तर."

"लोंबकळू नको," आत्या म्हणाल्या. "जागा मी दाखवते." मधल्या खोलीत चारी भिंती मोकळ्या होत्या. संगप्पाच्या मनात दाराच्या वरची जागा होती, मधोमध तीच. आत्यांनी आपली कॉट दाखवली. कॉटच्या उशाशी, बरोबर डोक्याच्या वर. "इथं लाव."

"आत्या," मी म्हटलं, "तिथं कशाला? दारावर लावेल की तो. खाली कुणी झोपत पण नाही."

"दारातून पोर येती जाती. तू येतीस जातीस." त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "पडायचं असंल तर माझ्यावर पडंल."

मग त्यांनी कॉटवरची पुनमची छोटी उशी आणि गोधडी उचलली. पुनम जन्मल्यापासून आजीच्या कुशीत झोपते. ती उशी आणि गोधडी त्यांनी पलीकडच्या भिंतीला नेऊन, झटकून, अंथरून ठेवली. आणि संगप्पाला म्हणाल्या, "आता ठोक."

ड्रिल सुरू झालं तसे त्यांनी दोन्ही हातांनी कॉटची पट्टी घट्ट धरली. मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांच्या हातावर हात ठेवला. भिंतीचा भुगा आमच्या दोघींच्या केसांवर पडत होता आणि मी मनात म्हणत होते, लवकर होऊ दे रे बाबा. दोन भोकं, पण मला वाटलं तास लागला. संगप्पानं डबा बसवला, वायर लावली, दिवे लाल झाले, मग हिरवे. आत्या वर बघत नव्हत्या. मी समोरच्या खोलीत गेले, मोबाईल बघितला. तिन्ही रेघा.

गुरुवारी एकदाही तुटलं नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी दुपारी शेवटचा तास होता, एका पोराला हृदयाचे चार कप्पे काढून दाखवत होते, रक्त कुठून येतं, कुठून जातं. मधेच क्लासच्या मॅडम तिकडं त्या पोरामागं न सांगता येऊन बघत बसल्या होत्या, ते मला शेवटी कळलं. तास संपल्यावर म्हणाल्या, "सोमवारपासून कायम समजा. घरूनच करा, इथं यायची गरज नाही."

मी मोबाईल ठेवला आणि मधल्या खोलीत आले. आत्या कॉटवर झोपलेल्या होत्या, त्या डब्याच्या खाली, उताण्या. डोळे उघडे. टीव्ही बंद, पुनम अंगणात. तीन दिवस मी शिकवत असताना त्या अशाच पडून राहत होत्या, हे मला नंतर शरणम्मांनी सांगितलं. डबा पडला तर आपण खाली असावं म्हणून की दिव्यांवर लक्ष ठेवायला म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

"झाला का तास?"

"झाला. कायम झालं, आत्या. इथूनच करायचं म्हणाल्या."

मला वाटलं, नेहमीप्रमाणं आता म्हणणार, बरं झालं, चहा टाक. मी चहाला वळलेसुद्धा.

"उज्वला."

मी थांबले. त्या अजून वरच बघत होत्या.

"तुम्ही गेला असता तर मी राहिले असते एकटी. राहिले असते, मरायला थोडीच टेकले होते." मग हळूच म्हणाल्या, "पण मला लई भ्या वाटत होतं गं. तुम्ही जाताल म्हणून."

मी जाऊन त्यांच्या उशाशी बसले. त्यांच्या केसांतला भिंतीचा भुगा झटकत राहिले. तीन दिवसांपासून तो तसाच होता.